वार्धक्य आणि मेंदूतील जोडण्या : एका सूत्रकृमीचा धडा

विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या वयस्क रुग्णाला ‘आता वय झाले, मेंदूतील पेशी मरणारच’ असे सांगून परत पाठविण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. या समजुतीची पारख करता यावी म्हणून, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीवरील संशोधनाचा परिचय मी येथे करून देत आहे.

‘सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ हा कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणारा निरुपद्रवी, पारदर्शक जीव. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिज येथे अभ्यासासाठी त्याची निवड केली. याच्या उभयलिंगी प्रौढात चेतापेशी असतात अवघ्या ३०२. जॉन व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमीचे अतिसूक्ष्म काप घेतले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने एकेका तंतूचा माग काढला आणि १९८६ मध्ये या चेतासंस्थेच्या जोडण्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ५,००० रासायनिक सिनॅप्स, म्हणजे पेशीपेशींमधील संदेशवाहक सांधे, नोंदले गेले.

या कृमीचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. त्यामुळे त्याचे वार्धक्य संशोधकाला थोड्या दिवसांत न्याहाळता येते. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखविले की ‘डॅफ-२’ या एकाच जनुकात बदल झाल्यास कृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढते. हे जनुक इन्शुलिनच्या ग्राहीसारखे प्रथिन घडविते, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले.

मग वृद्ध कृमीच्या चेतापेशींचे काय होते? २०११ च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी प्रकाशमान प्रथिनांच्या साहाय्याने त्या पाहिल्या. पेशी बहुतांशी जिवंतच होत्या. मात्र स्पर्शपेशींना नको तेथे फाटे फुटले होते, त्यांच्या तंतूंची ठेवण बिघडली होती. ‘डॅफ-२’ मधील बदलामुळे दीर्घायुषी झालेल्या कृमींत ही पडझड उशिरा सुरू होत होती. म्हणजे तिचा वेग जैविक नियंत्रणाखाली असतो आणि तो बदलू शकतो.

कृमीवरून मानवाविषयी थेट निष्कर्ष काढणे अर्थातच धाडसाचे ठरेल. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. तरीही निरोगी वार्धक्यात मानवी मेंदूतील पेशींचा ऱ्हास पूर्वी मानला जाई त्याहून बराच कमी असतो, आणि वृद्ध माकडांच्या मेंदूच्या अग्रभागात सिनॅप्स घटलेले आढळतात. अल्झायमरसारख्या आजारात मात्र पेशी खरोखरच मरतात. म्हणूनच ठळक विस्मरण हा वयाचा धर्म मानून सोडून देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

थायरॉइडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी झालेले श्रवण ही उपचारसाध्य कारणे आपण प्रथम तपासावीत. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के प्रकरणांचा संबंध १४ टाळता किंवा सुधारता येण्याजोग्या घटकांशी आहे. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, व्यायामाचा अभाव आणि एकाकीपणा हे त्यांतील काही. यांपैकी पहिल्या तिन्हींसाठी दवाखाना आहे. उरलेल्या दोहोंसाठी सकाळचा फेरफटका, मंडळाचे वाचनालय आणि घरातील माणसे हवीत. आपल्या वडीलधाऱ्यांना औषधांच्या चिठ्ठीबरोबर हा सल्लाही मिळावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा.