फुलपाखरांची शेती आणि आपल्या वाड्या

शेती म्हटली की भात, नागली, फार तर चिकूची वाडी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. फुलपाखरांचीही शेती करतात आणि तिच्या आधाराने नांगरलेल्या जमिनीवर पुन्हा जंगल उभे करण्याचे प्रयत्न होतात, असे सांगितले तर आगरच्या नाक्यावर बसलेली मंडळी हसतील. परंतु हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे.

प्रथम ही शेती म्हणजे काय ते पाहू. फुलपाखराची मादी वाटेल त्या झाडावर अंडी घालीत नाही. प्रत्येक जातीची झाडे ठरलेली असतात. अंड्यातून निघालेली अळी त्याच झाडाची पाने खाते, दोन-तीन आठवड्यांत कोश करते आणि बहुधा आठ-दहा दिवसांनी कोशातून फुलपाखरू बाहेर पडते. शेतकरी विकतो तो हा कोश. युरोप-अमेरिकेत काचघरांतून जिवंत फुलपाखरांची प्रदर्शने असतात. तेथे कापसात गुंडाळलेले कोश विमानाने जातात. मार्ग आठ-दहा दिवसांच्या आत संपला पाहिजे, नाही तर माल वाटेतच उडून जावयाचा!

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात हा धंदा चांगला रुजला. गुरांच्या कुरणांसाठी तेथील जंगल इतके तुटले होते, की १९८० च्या दशकात देशाचा जेमतेम चौथा हिस्सा वनाखाली उरला होता. आज तो निम्म्याहून अधिक आहे. हे एकट्या फुलपाखरांनी केले असे म्हणणे खोटे ठरेल. १९९६ च्या कायद्याने तेथील सरकार जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे देऊ लागले आणि जंगल पाहण्यासाठी प्रवासी येऊ लागले, ही मोठी कारणे आहेत.

मला त्याहून जवळचे वाटते ते केनियातील उदाहरण. तेथे अराबुको-सोकोके नावाचे समुद्रकाठचे जुने जंगल आहे. भोवतालच्या गरीब शेतकऱ्यांना त्याचा उपयोग काही नव्हता. उलट जंगलातील हत्ती आणि माकडे शेतात शिरत. जंगल तोडून जमीन वाटून द्यावी, असेच पुष्कळांचे मत होते. १९९३ मध्ये तेथे ‘किपेपेओ’ प्रकल्प सुरू झाला. किपेपेओ म्हणजे स्वाहिली भाषेत फुलपाखरू. शेतकरी जंगलातून माद्या आणून घराशेजारी अळ्या वाढवू लागले आणि प्रकल्प त्यांचे कोश विकत घेऊन परदेशी पाठवू लागला. यातली मेख अशी, की पुन्हा पुन्हा नवे बीज जंगलातूनच आणावे लागते. जंगल गेले की धंदा गेला. सरकारी पाटीने जे साधले नाही ते या हिशेबाने काही अंशी साधले.

आपल्याकडे हे जसेच्या तसे होणार नाही. एक तर आपले रान वर्षावन नव्हे. पालघर जिल्ह्यात पाऊस धो धो पडतो, पण चार महिनेच. पुढे आठ महिने कोरडे. म्हणून आपल्या डोंगरांवर साग, ऐन, खैर, कळंब, पळस, बहावा अशी पानझडी झाडे आहेत. डहाणू-तलासरीत जे परत आणावयाचे ते हे रान, पुस्तकातल्या चित्रातले नव्हे. दुसरे म्हणजे कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींत फुलपाखरांच्या कित्येक जाती आहेत. त्या पकडणे आणि विकणे हा गुन्हा होतो. म्हणजे कोशांचा व्यापार हा रस्ता आपल्यासाठी नाही. उरतो तो दुसरा रस्ता : फुलपाखरांना बोलवावयाचे आणि ती पाहावयास येणाऱ्या माणसांकडून थोडे पैसे घ्यावयाचे.

या रस्त्याने गेलेला मनुष्य दूर शोधावा लागत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावी राजेंद्र ओवळेकर या शिक्षकाने आपल्या सुमारे दोन एकर वडिलोपार्जित शेतात फुलपाखरांची बाग केली आहे. ती ‘ओवळेकर वाडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे जाळी नाही, पिंजरा नाही. शेजारच्या येऊरच्या जंगलातून फुलपाखरे आपण होऊन येतात, कारण अळ्यांची झाडे आणि मधाची फुले दोन्ही तेथे लावली आहेत. शंभराहून अधिक जाती त्या वाडीत नोंदल्या गेल्या आहेत. भोवती इमारतींचे जंगल वाढत असताना दोन एकर जमीन कोणाला न विकता अळ्यांना खाऊ घालणे, ही गोष्ट मला तरी साधी वाटत नाही.

आपल्या भागात अशा बागेला लागणारी झाडे विकत आणावयाची गरजच नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘राणी पाकोळी’ हे राज्य फुलपाखरू ठरविले (असे करणारे आपले पहिलेच राज्य). तिची अळी लिंबू, बेल, माकडलिंबू यांवर वाढते. कढीलिंबावर तिचीच एक बहीण येते. रुईवर, सीताफळावर, बहाव्यावर वेगवेगळ्या जाती. वाळलेल्या खुळखुळ्याचा रस शोषण्यासाठी नरांचे थवे जमतात. सर्वांत गमतीचे म्हणजे बांडगूळ! आंब्या-चिकूवर बांडगूळ दिसले की वाडीवाला कोयता घेतो आणि ते योग्यच आहे. पण पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचे ‘हळदीकुंकू’ नावाचे सुंदर फुलपाखरू याच बांडगुळावर अंडी घालते. कुंपणाच्या एखाद्या आंब्यावर ते राहू दिले तर वाडी बुडणार नाही.

खरी अडचण चिकूची आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु चिकूच्या बीमध्ये शिरणारी अळी ही एका पतंगाची अळी आहे. पतंग आणि फुलपाखरू एकाच कुळातले. जे औषध एकीला मारील ते दुसरीला सोडणार नाही. एका बांधावर फवारणी आणि दुसऱ्या बांधावर फुलपाखरे, हे एकत्र नांदणार नाही. गळलेली फळे रोज वेचून नष्ट करणे हा बिनऔषधी उपाय आहे, पण त्याला मजुरी पडते. ती कोण देणार? प्रवाशाच्या तिकिटातून ती निघाली तरच हा सगळा विचार कागदावरून खाली उतरेल. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते आणि सुटीच्या दिवशी बोर्डीला मुंबईकरांची गर्दी असते. म्हणजे माणसे आहेत. त्यांना किनाऱ्यावरून वाडीत वळविण्याचा प्रश्न आहे.

‘शेतजमीन रानाला परत द्या’ हे वाक्य मात्र तलासरीत जपून उच्चारावे. १९४५ मध्ये झरी येथे वारली एकत्र आले आणि त्यांनी वेठबिगार नाकारली. जमिनीचा कब्जा मिळवावयाला त्यानंतरही पिढ्या गेल्या, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अनेकांनी कसलेल्या जमिनीचे दावे लावले. अशा माणसाला नागलीचा तुकडा फुलपाखरांसाठी सोड असे म्हणणे हा अन्याय होईल. डोंगरउतारावरच्या एकरभर जमिनीत आंबा-काजू आणि बांधाला रानझाडे, ही बायफ संस्थेची ‘वाडी’ पद्धत १९८२ मध्ये गुजरातेत वांसद्याला सुरू झाली आणि पुढे जव्हारकडेही आली. तिच्यात शेतकऱ्याचे पोट आधी धरले आहे. फुलपाखरांना जागा द्यावयाची तर ती त्या बांधावर, अगोदर मोठ्या बागाईतदारांच्या पडीक कोपऱ्यात. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेव्हा जमिनीचे भाव कोणत्या दिशेने जातील हे सांगावयास अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको. पडीक कोपराही फार दिवस पडीक राहणार नाही.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अशा बागेत प्रवाशांना झाडे दाखविणारी माणसे लागतात, आणि ती येथे तयार आहेत. पहिल्या पावसात टाकळ्याची आणि घोळीची भाजी खुडणाऱ्या वारली बायांना रानातील पान नि पान ठाऊक असते. टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, घोळीवरही एका जातीच्या असतात. भाजी निवडताना त्या झटकून टाकल्या जातात, एवढेच. वाडीत फळे उतरविण्याच्या मजुरीइतके पैसे जर पान ओळखून दाखविण्याला मिळू लागले, तर कोणते झाड ठेवावे आणि कोणते तोडावे हे ठरविताना बागाईतदाराने त्यांनाही विचारावे लागेल.