नकाशावर दुकान फुकट, मग पैसे कशाचे?

"गुगलमधून बोलतोय. तुमचं दुकान नकाशावर ठेवायचं असेल तर ४,९९९ रुपये भरा, नाहीतर नोंद बंद होईल." असा फोन आला की ठेवून द्या. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते आणि ती टिकवायलाही पैसे लागत नाहीत. तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी तुमचा लाकडी घाणा असो, मसाला कांडप, रोपवाटिका, कृषी पर्यटन केंद्र किंवा घरगुती पापड-कुरडया, पहिले दोन-तीन महिने ऑनलाइन जाहिरातीवर खर्च करण्यासारखं फारसं काही नसतं. आधी फुकटातलं सगळं उरकून घ्या.

सुरुवात नकाशापासून. गुगल बिझनेस प्रोफाईलसाठी एक जीमेल खातं लागतं, ते तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं. पुतण्याचं नको, फ्लेक्सवाल्याचं तर नकोच. दुकानाचं नाव बोर्डावर आहे तेच टाका. नावापुढे "स्वस्त, शुद्ध, सर्वोत्तम" जोडलंत तर नोंद निलंबित होऊ शकते. मग पडताळणी. हल्ली बहुतेकांना व्हिडिओ मागतात. सलग, न कापलेलं चित्रीकरण हवं. त्यात रस्ता आणि आजूबाजूच्या खुणा, दुकानाचा बोर्ड, आतली यंत्रं किंवा माल, आणि दुकान तुमच्याच ताब्यात असल्याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडताना किंवा गल्ला हाताळताना तुम्ही, असं सगळं दिसलं पाहिजे. बोर्डच नसेल तर आधी बोर्ड करून घ्या. तपासणीला साधारण ५ कामकाजाचे दिवस धरा.

खेड्यातली अडचण वेगळी असते. एकाच नावाची गावं तीन तालुक्यांत असतात आणि पिनकोडवरून नकाशा तुम्हाला भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवतो. म्हणून खूण हाताने सरकवून दुकानावरच ठेवा आणि वर्णनात "एसटी स्टँडसमोर", "साखर कारखान्याच्या फाट्यावर" असं लिहा. वेळा, सुट्टीचा वार आणि बाजाराच्या दिवशीची वेगळी वेळ भरा. घरातूनच धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त "या भागात सेवा देतो" एवढं दाखवता येतं. घरी एकट्या बाईमाणसाचा वावर असेल तर हा पर्याय जरूर घ्या.

कुणाच्या मदतीने हे करत असाल तर त्याला "मॅनेजर" म्हणून जोडा. "ओनर" तुम्हीच राहा. नाहीतर पुढे भांडण झालं की नोंद, फोटो आणि जमलेले अभिप्राय सगळं त्याच्याकडे राहतं आणि ते परत मिळवायला आठवडे जातात. हाच नियम फेसबुक पान, वेबसाइटचं नाव आणि सिमकार्डालाही लावा. विकतचे अभिप्राय घेऊ नका. एकाच दिवशी वीस जणांनी पाच तारे दिले की गिऱ्हाइकालाही कळतं आणि गुगललाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲपही फुकट आहे. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या. कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू बसतात. फोटो उजेडात काढा आणि किंमत लिहाच. "किमतीसाठी संपर्क करा" वाचून निम्मे लोक पुढे सरकतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. त्यामुळे गिऱ्हाईक समोर असतानाच त्याच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून घ्या. "५,००० रुपयांत एक लाख लोकांना व्हॉट्सॲप" विकणारे भेटतील. तो पैसा वाया जातो, आणि तक्रारी झाल्या तर तुमचा नंबर बंद पडतो. मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवायचे तर कायदेशीर मार्ग म्हणजे टेलिकॉम कंपनीकडे डीएलटी नोंदणी. तिचा खर्च करासह सुमारे ५,९०० रुपये, संदेशांचे पैसे वेगळे. एका तालुक्यापुरत्या धंद्याला याची गरज नाही.

कागदपत्रं

मोबाईल जोडलेलं आधार, पॅन, बँक पासबुक, वीजबिल आणि दुकानाचा बोर्डासह फोटो एवढं एका पाकिटात ठेवा. बहुतेक कामं यावर भागतात.

उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. आधारवर ओटीपी येतो, पॅन लागतं, एकही कागद अपलोड करावा लागत नाही आणि काम बसल्या बैठकीत होतं. तरीही शोध घेतलात की सरकारी वाटणारी, १,५०० ते ३,००० रुपये मागणारी संकेतस्थळं आधी दिसतात. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का ते बघा. नसेल तर मागे फिरा.

खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. लहान उत्पादकाच्या नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. एकदम पाच वर्षांचीही भरता येते, आणि ती तशीच भरा, कारण दरवर्षी नूतनीकरणाच्या नावाखाली एजंट पुन्हा हजार रुपये घेतो. फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो. १४ अंकी नोंदणी क्रमांक लेबलवर छापा. त्यासोबत नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि तक्रारीसाठी फोन नंबरही हवा. लेबलं पाच हजार छापण्याआधी शंभर छापून बघा.

जीएसटीची नोंदणी मालाच्या विक्रीत ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. पण करपात्र माल परराज्यात पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही असली तरी ती घ्यावी लागते; काही हस्तकलांना सूट आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारपेठांवर आपल्याच राज्यात जीएसटीशिवाय विक्री करता येते, फक्त पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. जीएसटीची नोंदणी फुकट असते, खर्च नंतर सुरू होतो. एका पैशाची विक्री झाली नाही तरी रिटर्न भरावं लागतं आणि सल्लागाराची फी चालू राहते. बेळगाव, हैदराबादची चार गिऱ्हाइकं मिळतील म्हणून घाईने नोंदणी घेऊ नका.

गावातलं मार्केटिंग

फ्लेक्सचा दर साधारण १० ते २० रुपये चौरस फूट. ४ बाय ८ फुटांचा फ्लेक्स म्हणजे ३२ चौरस फूट, छपाई ३२० ते ६४० रुपये. यात लोखंडी चौकट नाही, लावण्याची मजुरी नाही आणि परवानगीही नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीची परवानगी घ्या. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्यांची वेगळी. गणपती आणि वाढदिवसांच्या हंगामात तुमच्या फ्लेक्सवर दुसऱ्याचा फ्लेक्स चढतो हेही गृहीत धरा. माझं मत विचाराल तर फाट्यावरचा बाणासह पत्र्याचा एक बोर्ड चार फ्लेक्सपेक्षा जास्त कामाचा. जाहिरातीची रिक्षा फिरवणार असाल तर इंधन, ध्वनिमुद्रण आणि भोंग्याची पोलीस परवानगी दरात धरली आहे का, हे आधी विचारा.

आठवडे बाजारात जागेची पावती घ्या, पावतीवर छापलेला दर वाचा, त्याहून जास्त देऊ नका. तिथे विकण्याइतकंच नंबर वाटणंही महत्त्वाचं. ज्यांच्याकडे तुमचं गिऱ्हाईक आधीच जातं त्यांची यादी करा: तेलाला आचारी आणि मंगल कार्यालयं, रोपांना कृषी सेवा केंद्र, पर्यटनाला ढाबा आणि पेट्रोल पंप. पाठवलेल्या गिऱ्हाइकामागे काय द्यायचं ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या. मैत्रीतलं "बघू नंतर" सगळ्यात महाग पडतं.

उमेद अभियानातल्या बचत गटात असाल तर पंचायत समितीतल्या तालुका कक्षात महालक्ष्मी सरस आणि जिल्हा प्रदर्शनांसाठी नाव नोंदवून ठेवा. पुण्या-मुंबईच्या खासगी प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी विचारा: टेबल, वीज, रात्रीची राखण आणि १८ टक्के जीएसटी भाड्यात आहे का? प्रवास, राहणं आणि मागे बंद राहणारं दुकान यांचा हिशेब तुमचा तुम्हीच करायचा.

गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायला क्यूआर कोड फुकट मिळतो. बँक खात्यातून झालेल्या यूपीआयवर तुमच्याकडून कपात होत नाही. क्रेडिट कार्ड जोडलेल्या यूपीआयवर होऊ शकते. पैसे आल्याचा आवाज देणाऱ्या डब्याचं भाडं महिन्याला शंभरच्या आसपास. डबा कपाटात पडून असला तरी भाडं कापलं जातं. नको असेल तर परत करून पोचपावती घ्या.

पैसे लावायचेच असतील तर

फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात स्वतः लावा. दुकानाभोवतीचे २०-२५ किलोमीटर निवडा, उद्देश "मेसेज" ठेवा, दिवसाला २०० रुपये, ७ दिवस. जाहिरात १,४०० रुपयांची, पण जीएसटी धरून खिशातून १,६५२ जातात. आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केलंत तर ॲपलचं सेवाशुल्कही लागू शकतं, म्हणून ब्राउझर वापरा. शेवटची तारीख घातल्याशिवाय जाहिरात सुरू करू नका, नाहीतर पैसे कापले जात राहतात. सात दिवसांत किती "लाईक" आले ते मोजू नका, किती जणांनी भाव विचारला ते वहीत लिहा.

एजन्सी "महिना १०,००० मध्ये सगळं" सांगते तेव्हा एकच प्रश्न विचारा: यातले किती रुपये प्रत्यक्ष जाहिरातीत जाणार? उत्तर लेखी घ्या. जाहिरात खातं तुमचं, पैसेही थेट तुमच्याकडून आणि एजन्सीची फी वेगळी, अशी मांडणी ठेवा. वर्षभराचे पैसे आगाऊ देऊ नका. बँकेतून आपोआप कपातीचा अर्ज पुढे केला तर रक्कम, मुदत आणि बंद करण्याची पद्धत वाचल्याशिवाय सही नको. गावातला रील करणारा मुलगा कित्येकदा जास्त परवडतो, पण रील किती दिवस ठेवणार हे त्याच्याशीही ठरवा.

वेबसाइट पहिल्या वर्षी नसली तरी चालते. हवीच असेल तर वेबसाइटच्या नावाचे वर्षाला साधारण ५०० ते १,००० रुपये पडतात. पहिल्या वर्षाचा ९९ रुपयांचा दर बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा.

पार्सलमध्ये मात्र भले भले फसतात. कुरिअरवाला मालाचं वजन आणि खोक्याचं आकारमान यातलं जे जास्त त्यावर पैसे घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि बहुधा ५,००० ने भागा. २ किलो कुरडया ४० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात भरल्या की उत्तर येतं ६, म्हणजे पैसे ६ किलोचे. कॅश ऑन डिलिव्हरीला वेगळं शुल्क आहे आणि गिऱ्हाइकाने पार्सल नाकारलं तर परतीचं भाडंही तुमच्याच माथी. पहिले काही महिने आगाऊ पैसे घेऊनच पाठवा, आणि टपाल खात्याचा दर आधी विचारून बघा.

पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. मोठी ऑर्डर देऊन "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा चोर समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता कमी. एजन्सीने फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेवर ग्राहक कायदा चालत नाही असं समोरचा म्हणेल. तुम्ही पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करत असाल तर २०१९ चा कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. त्यासाठी बिल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पैसे भरल्याचा पुरावा लागेल, म्हणून एजन्सीला रोख देऊ नका.