पेरणीचा पाऊस कसा ओळखावा?



मे महिना सरत आला की आपणा सर्वांचे डोळे आभाळाकडे लागतात. एखाद्या दुपारी ढग गडगडतात, अर्धा-पाऊण तास जोराचा पाऊस होतो, शेतात पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी गावात चर्चा सुरू होते : पेरावे की थांबावे? घाईने पेरले आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली तर कोवळे रोप करपते. बियाणे, खत व मजुरी मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. म्हणून या पाठात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत : पडलेला पाऊस पेरणीचा आहे की नाही, हे घरच्या साधनांनी कसे ठरवावे?

वळीव आणि मोसमी पाऊस

उन्हाळ्यात जमीन तापते. तिच्यालगतची हवा गरम व हलकी होऊन वर चढते. उंचावर ती थंड होते, तिच्यातील वाफेचे थेंब बनतात आणि दुपारनंतर डोंगरासारखे उंच ढग उभे राहतात. हाच वळीव. तो वारा, विजा व कधी गारा घेऊन येतो. (विजा चमकत असताना झाडाखाली मुळीच थांबू नये.) एका शिवारात तो झोडपतो, तर शेजारचे शिवार कोरडे राहते. थोड्या वेळात खूप पाणी पडल्यामुळे बरेचसे वाहून जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन पडते.

मोसमी पावसाची रीत निराळी. त्याची वाफ तेथल्या तेथे तयार झालेली नसते. नैऋत्येचा वारा ती समुद्रावरून वाहून आणतो. वारा दिवसरात्र एकाच दिशेने वाहू लागतो, आभाळ सलग भरून येते, रात्रीही हवा दमट राहते आणि पाऊस थांबून थांबून पण अनेक गावांत मिळून पडतो. ही लक्षणे तीन-चार दिवस टिकली तर मोसमी पाऊस लागला असे समजण्यास हरकत नाही.

मात्र खूण ज्या त्या मुलखाची असते, हे विसरू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात पश्चिमेला ढग दिसताच पावसाचा आणि दक्षिणवारा सुटताच उष्म्याचा अंदाज बांधणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. त्या देशाच्या पश्चिमेला समुद्र व दक्षिणेला वाळवंट आहे, म्हणून तेथे तो अंदाज खरा ठरतो. आपल्याकडेही पश्चिमेला समुद्र आहे, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. ढग तो डोंगर चढताना आपले बरेचसे पाणी तेथेच टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर आपल्या बिदर जिल्ह्यात साधारण ८५० मिलिमीटर आणि कलबुर्गीकडे त्याहूनही कमी. म्हणून कोकणात पाऊस लागल्याची बातमी ऐकून कोहिनूरच्या शिवारात तिफण जुंपणे योग्य नव्हे.

नक्षत्र काय सांगते?

मृग लागला की पेरणी, हा आपल्या वाडवडिलांचा नेम. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून जातो. म्हणजे एकेक नक्षत्र १३-१४ दिवसांचे. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो व पाऊसही साधारण त्याच दिवसांत आपल्याकडे पोचतो, म्हणून हा नेम पडला. परंतु नक्षत्र ही तारीख आहे. तिच्या हाती ढग नाहीत. केरळात मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख १ जून आहे. २०२३ साली तो ८ जूनला आला. २०२५ साली २४ मे रोजीच आला आणि २६ मे रोजी मुंबईला पोचला. पण त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची वाटचाल थांबून राहिली. लवकर आलेला पाऊस टिकेलच असे नाही, हा त्या वर्षाचा धडा.

पाऊस लागल्यावरही खंड पडतो. मोसमी पावसाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे उघडीप होते. २०२३ चा ऑगस्ट महिना तर १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. असा खंड आपल्या हातात नाही. त्या काळात पिकाला जगवणारी ओल जमिनीत आधीच साठलेली असणे, एवढेच आपल्या हातात आहे.

हवामानाची बातमी कशी ऐकावी?

बातमीत 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' असे शब्द येतात. ते उगाच वापरलेले नसतात. 'तुरळक' म्हणजे त्या विभागातील फार तर पाव भाग केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून अधिक, पाऊण भागापर्यंत. तेव्हा 'तुरळक' ऐकून आपल्याच शेतात पाऊस येईल असे धरून चालू नये आणि तो आला नाही म्हणून बातमी खोटी असेही म्हणू नये. हवामान खात्याचा शेतीविषयक सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. घरातल्या शाळकरी मुलाला मोबाइलवरील 'मेघदूत' अॅपमधून तो वाचून दाखवण्यास सांगावे.

घरचा पर्जन्यमापक

आपल्या शेतात किती पाऊस पडला, हे मात्र आपणच मोजावे. तोंड व बूड सारख्याच रुंदीचे असलेला सपाट बुडाचा पत्र्याचा डबा घ्यावा. झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो मोकळ्या जागी, पडणार नाही असा बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांच्या पट्टीने पाण्याची खोली मोजावी, तारखेसह वहीत लिहावी व डबा रिकामा करावा. एक सेंटिमीटर खोली म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. डबा लहान असो वा मोठा, सरळ असला म्हणजे माप सारखेच येते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. म्हणजे २० मिलिमीटरच्या सरीने एकरात ८०,००० लिटर पाणी पडते! आकडा मोठा वाटतो. पण कडक उन्हावाऱ्यात उघड्या पातेल्यातील पाणी रोज पाच ते दहा मिलिमीटर घटते. एकट्या सरीवर पेरणी का करू नये, हे यावरून कळेल.

पेरणीपूर्वीच्या तीन कसोट्या

१. वहीतील थोड्या दिवसांच्या पावसाची बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली आहे काय? सोयाबीनसाठी कृषितज्ज्ञ हेच माप सांगतात.

२. खुरप्याने दोन-तीन ठिकाणी उकरून पाहावे. ओल निदान वीतभर गेली आहे काय? वर चिखल आणि खाली कोरडे ढेकूळ असेल तर थांबावे. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते. मुरमाड तांबड्या रानात ती लवकर सरते, तेथे अधिक सावध राहावे.

३. वापसा आला आहे काय? मूठभर माती दाबून गोळा करावा. तो हाताला न चिकटता बनला आणि बोटाने सहज फुटला तर वापसा आला.

थांबल्याने वेळ जाईल, ही भीती साहजिक आहे. मूग-उडदाची पेरणी जून संपेपर्यंत, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात उरकावी. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत आणि तूर जुलैअखेरपर्यंत पेरता येते. मृग कोरडा गेला तरी वर्ष गेले असे नव्हे. पीक बदलून पेरण्यास अजून वाव असतो.

आमची सूचना अशी की प्रत्येक वाडीतील निदान दोन-तीन घरांनी या उन्हाळ्यात डबा बसवावा आणि वही घालावी. चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे आपल्याच शिवारात पाऊस कधी जमतो व कधी खंड पडतो, हे मुलाबाळांना कागदावर दाखवता येईल. डबा जूनची वाट न पाहता पहिल्या वळवापूर्वीच जागेवर असावा.