आबांचे सूत

मुलांनो, मागच्या महिन्यात बाईंनी तुम्हाला ‘माझे आजोबा’ हा निबंध लिहायला दिला होता. माझ्या मुलाने लिहिले, ‘माझे आजोबा खूप प्रेमळ होते. ते मला गोष्टी सांगत.’ शुद्धलेखनाच्या चुका फक्त दोन. पण वाचून मला चैन पडेना. हे कुणाच्याही आजोबांबद्दल लिहिता आले असते. त्याचे आबा सुतार होते, आणि निबंधात सुतारकामाचा एक शब्द नव्हता. चूक त्याची नाही. ते शब्द मीच त्याला कधी दिले नव्हते. म्हणून बाईंच्या परवानगीने हा पाठ.

आबा, म्हणजे माझे वडील, चिपळूणचे. आळीतले सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. सातवीनंतर शाळा सुटली आणि ते आपल्या काकांच्या हाताखाली लागले. पहिले वर्ष करवत ओढण्यात आणि भुसा झाडण्यात गेले. पुढे पन्नासएक वर्षे त्यांनी घरांची दारे, खिडक्या, देव्हारे, पाळणे केले. आमच्याकडे जुन्या घरांना खांब ऐनाचे, दारे सागाची, आणि बसायचे पाट फणसाचे. फणसाचे लाकूड नवे असताना हळदीसारखे पिवळे दिसते आणि वर्षे जातील तसे तांबूस होत जाते. कोणता पाट कोणाच्या लग्नातला, हे माझी आई नुसत्या रंगावरून सांगते.

आता शब्द बघू. ‘सुतार’ हा शब्द संस्कृतमधल्या ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला. सूत्र म्हणजे दोरा. (नाटकातला सूत्रधारही तोच शब्द, पण त्याच्याकडे करवत नसते.) लाकूड कापायच्या आधी आबा गेरूत भिजवलेली दोरी त्यावर ताणून धरत. एक टोक माझ्या हातात असे. मग ते मधोमध दोरी चिमटीत धरून वर उचलत आणि सोडून देत. टप्प! लाकडावर लाल, सरळ रेघ. कुणाला ‘सुतासारखा सरळ केला’ असे आपण म्हणतो ना, ते हेच सूत.

कापताना आबांचा एकच नियम होता : रेघ राखून काप. म्हणजे करवत रेघेच्या बाहेरून चालवायची, रेघ लाकडावर शिल्लक राहिली पाहिजे. जास्त राहिलेले लाकूड रंध्याने काढता येते, कमी पडलेले जोडता येत नाही. आमच्या कॉम्प्युटरमध्ये केलेली चूक एक बटण दाबून परत फिरवता येते. आबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग तुमचं काम कसं शिकतात रे?”

सुताचा दुसरा अर्थ मापाचा. एका इंचाचे आठ भाग केले, की एक भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण आबांच्या हिशोबात मिलिमीटर शेवटपर्यंत पाहुणाच राहिला. मी इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो. मे महिन्यात नवे दार बसवले, की ते चौकटीत एक सूत फट ठेवत. घरमालक तक्रार करायचे, “मिस्त्री, फट राहिली की हो.” आबा हत्यारे आवरता आवरता म्हणायचे, “श्रावणात बघा.” पावसाळ्यात हवेतला दमटपणा शोषून लाकूड फुगते, आणि दार नेमके बसते. कॉलेजात मी हे एका धड्यात शिकलो होतो. आबा ते दरवर्षी, घराघरात, आगाऊ करून ठेवत होते.

चौकट काटकोनात आहे का, हे बघायला त्यांच्याकडे गुण्या होता. पण मोठ्या चौकटीला गुण्या पुरत नाही. मग ते दोरीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजत, आणि मग दुसरे दोन कोपरे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तर चौकट बरोबर. हे तुम्ही शाळेत भूमितीत शिकाल, तेव्हा आबांची दोरी आठवा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात मोठा पूर आला. आई-आबा शेजाऱ्यांच्या माडीवर होते म्हणून वाचले. हत्यारांची पेटी मात्र दीड दिवस पाण्याखाली होती. करोनामुळे मला जाता येत नव्हते. आठवड्याने व्हिडिओवर बोललो, तर आबा पडवीत बसून एकेक हत्यार रॉकेलने पुसत होते, गंज काढून वर खोबरेल लावत होते. रंध्याचे लाकूड फुगले होते, ते त्यांनी सावलीत ठेवले होते. उन्हात वाळवले तर तडकते. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. आबा त्याला एकेक वस्तू उचलून दाखवू लागले : “ही पटाशी. हे गिरमिट. ही कानस. हा वाकस.” तो माझ्याकडे बघायचा आणि मी इंग्रजीत सांगायचो. वाकसाला मी अडलो. लाकूड तासायचे आडव्या पात्याचे ते हत्यार मी लहानपणापासून पाहिलेले, पण त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला येईना. तेवढ्यात आबांनी वाकस हवेत चालवून दाखवला, आणि मुलगा म्हणाला, “कळलं!”

आबा २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. परत येताना पेटीतून त्यांची घडीची लाकडी फुटपट्टी तेवढी घेतली. पुराच्या पाण्याने तिचे सुरुवातीचे आकडे पुसले गेले आहेत. आबांना ते लागतही नसत.

निबंध वाचला त्या रात्री मी ती पट्टी मुलापुढे ठेवली. त्याने आपली शाळेची पट्टी काढून शेजारी लावली. तुमच्याही पट्टीवर इंचाचे बहुधा १६ भाग असतील. त्यातले दोन मिळून एक सूत. तो बघत राहिला. म्हणाला, “म्हणजे आबांचं सूत माझ्या दप्तरात होतं?”

घरी करून पाहा : जेवणाच्या टेबलाचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. टेबल गोल असेल, तर दार घ्या. मग फळीची जाडी सुतात मोजा. या रविवारी भारतात फोन लावाल, तेव्हा आजी-आजोबांना त्यांच्या कामातला एक शब्द विचारा. स्वयंपाकाचा, शेतीचा, बँकेतला, कुठलाही चालेल. तो वहीत लिहून वर्गात आणा. पालकांनी मध्ये बोलून अर्थ सांगू नये, ही विनंती.

आमच्या टेबलाची जाडी नऊ सूत भरली, म्हणजे एक इंच आणि वर एक सूत. मुलाने दोनदा मोजली.