लवंगी मिरची आणि डोक्यावरचा पदर : सुलोचना चव्हाण यांच्या गाण्याचा अभ्यास

२०१७ साली ‘देस्पासितो’ हे स्पॅनिश गाणं जगभर वाजलं आणि फिरत फिरत आपल्या मोबाईलवरही आलं. त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी पाय हलत होते. त्या गाण्याखाली जो ठेका आहे त्याला रेगेटोन म्हणतात. पोर्तो रिको नावाच्या छोट्याशा बेटावरच्या गरीब वस्त्यांत तो वाढला, ‘घाणेरडं गाणं’ म्हणून त्याची बदनामी झाली आणि पुढं त्याच गाण्यानं जग जिंकलं.

ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटत नाही का? नाचायला लावणारा ठेका, थेट बोलणारे शब्द, गरीब कलावंत, सभ्य लोकांनी मुरडलेलं नाक आणि उशिरा मिळालेला मान. आपल्या भाषेत हे सगळं लावणीच्या वाट्याला आलं. म्हणून रेगेटोनच्या एखाद्या ताऱ्याकडं बघण्याआधी आपण आपल्याच एका तारकेकडं बघूया. सदलग्यापासून जवळ असलेल्या कोल्हापूरची मिरची जिच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली, ती सुलोचना चव्हाण. अभ्यासाचा प्रश्न एकच ठेवूया: गाणं बदनाम असतं, की ते गाणाऱ्या बाईला आपण कुठं उभं करतो त्यावर त्याची अब्रू ठरते?

लावणी : थोडी पूर्वपीठिका

‘लावणी’ हा शब्द ‘लावण्य’ वरून आला असं काही अभ्यासक म्हणतात, तर काही जण तो रोप लावण्याच्या लावणीशी जोडतात. शेतात राबणाऱ्या माणसाला दुसरी व्युत्पत्ती जवळची वाटेल. पेशवाईच्या उत्तरार्धात या प्रकाराला बहर आला. सोलापूरचे रामजोशी ब्राह्मण, होनाजी बाळा गवळी, सगनभाऊ मुसलमान. म्हणजे लावणी ही कुणा एका जातीची किंवा धर्माची मिरास नव्हती. तिच्यात शृंगार होता, तसंच अध्यात्म होतं आणि दुष्काळ-लढायांचं वर्णनही होतं. पण फडावर नाचून ती सादर करणाऱ्या बायका मात्र बहुतेक कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतून आल्या. कवींची नावं पुस्तकांत राहिली. नाचणाऱ्या-गाणाऱ्या कितीतरी जणींची राहिली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. पुढं समिती नेमली गेली आणि अटी घालून खेळांना परवानगी मिळाली. वगाची संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागू लागली. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, तेव्हा हा इतिहास फक्त ‘तिकडचा’ नाही, आपल्या यात्रा-जत्रांचाही आहे.

गिरगावची मुलगी

नेमक्या याच काळात मुंबईत एक मुलगी गायला लागली होती. १३ मार्च १९३३ ला जन्मलेली सुलोचना कदम गिरगावातल्या फणसवाडीत वाढली. तिच्या घरी तमाशाची परंपरा नव्हती. सुरुवात झाली ती मेळ्यांतून. त्या काळी उत्सवांत लहान मुलामुलींचे मेळे गाणी-नाटुकली करत. तिथून बालभूमिका आणि मग अगदी लहान वयातच हिंदी चित्रपटांसाठी पार्श्वगायन. १९५१ च्या ‘ढोलक’ या हिंदी चित्रपटातली श्यामसुंदर यांच्या संगीतातली तिची गाणी जुन्या गाण्यांचे शौकीन आजही काढून ऐकतात. ती ऐकली तर आश्चर्य वाटतं. तिथं ठसका नाही, हळुवार मुलायम आवाज आहे. याच गळ्यातून पुढं लावणी निघाली.

पहिली लावणी आचार्य अत्रे यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटात. संगीत वसंत देसाईंचं आणि पडद्यावर हंसा वाडकर. पुढं ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवीही त्यांना अत्र्यांनीच दिली. १९५३ मध्ये चित्रपट दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी त्यांचं लग्न झालं. श्यामराव हे लावणीतले त्यांचे गुरूही झाले. शब्द कसा फेकायचा, कुठं थांबायचं, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, हे त्यांनी शिकवलं. लावणीची बोली सुलोचनाबाईंना जन्मानं मिळाली नव्हती, त्यांनी ती शिकून घेतली. भाषेच्या विद्यार्थ्यानं याची नोंद घ्यावी. बोली ही ‘आपोआप येणारी गावंढळ भाषा’ नसते. तिच्यातही शुद्ध-अशुद्ध असतं, सूर असतो, आणि तो चुकला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

लवंगी मिरची

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्यात १३१ आठवडे चालला. मराठीत तमाशापटांची लाटच आली. त्या लाटेवर १९६२ मध्ये ‘रंगल्या रात्री अशा’ हा चित्रपट आला. त्यासाठी जगदीश खेबुडकर या तरुण शिक्षकानं एक लावणी लिहिली. खेबुडकर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हळदीचे. संगीत वसंत पवारांचं. त्या लावणीतली बाई स्वतःची ओळख देताना नाव-गाव सांगायची टाळाटाळ करते, मग कोल्हापूरचा उल्लेख करते आणि स्वतःला लवंगी मिरची म्हणवते. गाणं इतकं गाजलं की गिरगावात वाढलेली गायिका लोकांच्या मनात कायमची कोल्हापूरची झाली.

दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, ‘सवाल माझा ऐका’ आला. त्यात सोळाव्या वर्षाच्या धोक्याबद्दलची लावणी पुन्हा खेबुडकर-पवार-सुलोचनाबाई या तिघांचीच. १९६५ च्या ‘मल्हारी मार्तंड’ साठी गदिमांनी लिहिलेल्या लावण्याही त्यांनी गायल्या. चित्रपट विसरले गेले, पण गाणी आजही लग्नाच्या हळदीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीसमोरच्या नाचात वाजतात. आपल्या भागात घरी कन्नड बोलणारी माणसंही ती तोंडपाठ म्हणतात. भाषेची सीमा गाण्याला फारशी अडवत नाही.

ती गाते कशी?

इथं जरा थांबून ऐकायला शिकूया. यातली कुठलीही एक लावणी लावा. पहिल्यांदा नुसती ऐका, दुसऱ्यांदा खालच्या गोष्टी शोधा.

एक, शब्दफेक. ढोलकी कितीही जोरात असली तरी सुलोचनाबाईंचं एकही अक्षर बुडत नाही. जोडाक्षर पूर्ण येतं, ‘ळ’ आणि ‘ण’ ठसठशीत येतात.

दोन, थांबणं. ओळीतला शेवटचा शब्द टाकण्याआधी त्या क्षणभर ताणून धरतात. श्रोत्याच्या मनात काहीबाही येतं, आणि मग शब्द पडतो तो साधाच असतो. लावणीतली गंमत या रिकाम्या जागेत आहे. वात्रट अर्थ गायिका लावत नाही, ऐकणारा लावतो, आणि त्याला पकडल्यासारखं हसू येतं.

तीन, आवाजाचे दोन रंग. ध्रुपदाला खुला, धारदार आवाज. कडव्यात तोच आवाज बोलल्यासारखा, लाडिक किंवा टोमणा मारणारा. एका गाण्यात बाई दोन-तीन माणसांशी बोलते आहे असं वाटतं.

चार, ठेका. आठ मात्रांच्या चालीत त्या कधी ढोलकीच्या पुढं जातात, कधी मागं रेंगाळतात, पण समेवर चुकत नाहीत. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण नावाजलेले ढोलकीवादक झाले, हेही या घरात ठेका किती मुरला होता ते सांगतं.

आणि हे सगळं करताना रंगमंचावर त्या कशा उभ्या असत? अंगभर साडी, डोक्यावरून पदर, हातवारे नाहीत, डोळे मोडणं नाही. शृंगार सगळा गळ्यात. समोर बसलेल्या बायका-मुलांनाही अवघडल्यासारखं होत नसे. त्यामुळं लावणी फडावरून सभागृहात आणि सभागृहातून दिवाणखान्यात आली. त्यांनी आपल्या आत्मचरित्राचं नाव ‘माझं गाणं, माझं जगणं’ असं ठेवलं. २०१० चा लता मंगेशकर पुरस्कार, २०१२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री हे त्यांचे महत्त्वाचे सन्मान. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबईत त्यांचं निधन झालं.

समुद्रापलीकडची एक बहीण

आता पोर्तो रिकोला जाऊया. जमैकाचं डान्सहॉल, पनामातलं स्पॅनिश रेगे आणि अमेरिकेतलं हिपहॉप यांच्या मिश्रणातून १९९० नंतर तिथल्या वस्त्यांत जे संगीत तयार झालं तेच पुढं रेगेटोन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याच्या ठेक्यात आठ घरांची विभागणी तीन-तीन-दोन अशी पडते, म्हणून अंग आपोआप झुलतं. गाणी कॅसेटवर भरून हातोहात जात. १९९५ मध्ये राजधानी सान हुआनमधल्या दुकानांवर पोलिसांनी छापे घातले आणि अश्लीलतेच्या कारणावरून कॅसेट जप्त केल्या. मुंबई सरकारच्या तमाशाबंदीची आठवण इथं झाल्याशिवाय राहत नाही.

त्याच सुमारास ‘द नॉइज’ या पुरुषांच्या ताफ्यात एक मुलगी शिरली. मार्था इवेलिसे पेसान्ते, जन्म १९७२. पुढं ती आयव्ही क्वीन या नावानं गाजली. तिच्या सुरुवातीच्या गाण्याच्या नावाचा अर्थच ‘आम्ही रॅप करतो, पण आम्ही गुन्हेगार नाही’ असा होता. १९९७ मध्ये तिचा पहिला आल्बम आला, २००३ मध्ये ‘दीवा’. नंतरच्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यात ती पुरुषाला बजावते: मला नाचायचंय, मी तुझ्याबरोबर नाचले म्हणजे बाकी कशालाही होकार दिला असं समजू नकोस. तिला लोक रेगेटोनची राणी म्हणतात. आपल्याकडं सम्राज्ञी, तिकडं राणी.

साम्य दिसतं, पण फरक जास्त शिकवणारा आहे. आयव्ही क्वीन स्वतःचे शब्द स्वतः लिहिते. सुलोचनाबाईंच्या लावण्यांत ‘मी’ म्हणणारी बाई असते, पण शब्द खेबुडकरांचे, गदिमांचे, म्हणजे पुरुषांचे. तरीही ऐकताना ती बाई पुरुषानं रंगवलेली बाहुली वाटत नाही. कारण टोमणा कुठं मारायचा, कुणाला कितपत जवळ येऊ द्यायचं, हे गायिकेचा आवाज ठरवतो. लिहिलेला शब्द आणि उच्चारलेला शब्द यांतलं हे अंतर साहित्याच्या वर्गात आपण फार कमी मोजतो.

पदराचा प्रश्न

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. सुलोचनाबाईंनी लावणीला प्रतिष्ठा दिली, असं प्रत्येक लेखात वाचायला मिळतं. ते खरंच आहे. पण या वाक्यात एक काटा लपलेला आहे. लावणी आधी अप्रतिष्ठित होती ती कुणामुळं?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं उदाहरण घ्या. जन्म १९३५ चा. खेळ चालू असताना प्रसूती झाली आणि त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिकत महाराष्ट्राला माहीत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आणि तरीही २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा घरात पैशाची चणचण होती. यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. बैठकीच्या लावणीची अदा त्यांनी आयुष्यभर जपली. १९१५ साली जन्मलेल्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास.

सुलोचनाबाई नाचल्या नाहीत, फडावर राहिल्या नाहीत, डोक्यावर पदर घेऊन गायल्या. म्हणून समाजाला त्यांचा मान करणं सोपं गेलं. यात त्यांचा दोष नाही. त्यांची साधना खरी होती आणि त्यांचा पदर ही त्यांची स्वतःची निवड होती. दोष असेल तर आपल्या मोजपट्टीचा. शब्द तेच, ठेका तोच, शृंगारही तोच. एका बाईला आपण ‘कलावंत’ म्हटलं आणि दुसरीला ‘नाचणारी’. रेगेटोनच्या बाबतीतही वस्तीतल्या काळ्या-गरीब पोरांनी गायलं तेव्हा तो गुन्हा होता, आणि मोठ्या कंपन्यांनी विकलं तेव्हा ते जगाचं संगीत झालं.

म्हणून या लेखाचं उत्तर असं: गाणं बदनाम नसतं. सुलोचना चव्हाण यांच्या कारकिर्दीनं लावणी शब्दकलेच्या पंक्तीत बसू शकते हे सिद्ध केलं. ते एकदा मान्य केलं, की तोच मान मागं वळून त्या बायकांनाही द्यावा लागतो ज्यांच्या पायांनी ही कला आपल्यापर्यंत चालत आली. पुढच्या यात्रेत तमाशाचा तंबू दिसला की तोंड फिरवण्याआधी एवढं आठवलं तरी हा पाठ उपयोगी पडला म्हणायचा.

चर्चेसाठी

१. सुलोचना चव्हाण यांची एक लावणी आधी नुसती वाचा, मग ऐका. ऐकल्यावर कोणत्या शब्दाचा अर्थ बदलला?

२. पुरुषानं लिहिलेल्या गाण्यातला ‘मी’ बाईच्या आवाजात कुणाचा होतो? ओव्या किंवा गौळणी यांच्याशी तुलना करा.

३. ज्यांच्या घरी कन्नड बोललं जातं त्यांनी ‘श्रीकृष्ण पारिजात’ या लोकनाट्याबद्दल थोरांना विचारावं. त्यातल्या बायकांना गावात कसं वागवलं जायचं? सांगितलेलं लिहून मंडळाच्या बैठकीत वाचावं.

४. ‘अश्लील’ हा शब्द आपण शब्दांना लावतो, हावभावांना लावतो, की माणसांना? दहा ओळींत लिहा.