आगगाडीच्या डब्यातली शाळा

प्रश्न : आमच्या वर्गात कातकरी, ठाकर, कुणबी अशी सगळी मुलं आहेत. जगभरातल्या मुलांच्या गोष्टी त्यांना वाचून दाखवायच्या आहेत. सुरुवात कशाने करू?
– एक शिक्षिका, आटगाव

उत्तर : ताई, 'तोत्तोचान'ने करा. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१चं. मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलाय. त्यातल्या टोकियोच्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. रोज कसारा लोकल पाहणाऱ्या मुलांना हे लगेच भिडेल. सलग वाचू नका. आधी जेवणाच्या सुट्टीचा प्रसंग घ्या. मुख्याध्यापक कोबायाशी प्रत्येकाच्या डब्यात समुद्रातलं आणि डोंगरातलं काहीतरी आहे ना, हे बघत फिरतात. मग विचारा, काल घरी रानातलं काय शिजलं? शेवळं, कुरडू, खेकडे... सांगू द्या, आणि त्यांच्याच बोलीत.

पाचवीपुढच्यांना इराणच्या समद बेहरंगींची छोट्या काळ्या माशाची गोष्ट (१९६८) सांगा. बेहरंगी स्वतः खेड्यातले शिक्षक. ओढ्यातला मासा समुद्र पाहायला निघतो. आपल्या भातसा नदीचं पाणी कुठे जातं, हा प्रश्न मुलंच काढतील. शेवट दुःखद आहे, पण तो बदलू नका. मुलांना दुःख कळतं.

चित्रपुस्तकं 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीत मोफत मिळतात. परदेशी मुलं फक्त सणाच्या कपड्यांत नाचताना दिसतात, ती पुस्तकं मात्र बाजूला ठेवा. भांडणारी, भावंडं सांभाळणारी, शाळा बुडवणारी मुलं असलेली निवडा. आणि वाडीवरच्या एखाद्या आजीलाही गोष्ट सांगायला वर्गात बोलवा.