हैदराबादचे खडक आणि सकाळचा पाऊण तास

छायाचित्रणाच्या पुस्तकांतून खडकांचा धडा बहुधा वाळवंटातील तांबड्या वालुकाश्मावर असतो. तसला एक धडा वाचून मी एका डिसेंबरात पहाटेच गच्चीबावलीच्या बाजूस गेलो, सूर्य पाठीशी ठेवला आणि पुष्कळ छायाचित्रे काढली. ती पाहून घरी विचारणा झाली, "हे बटाटे कोठले?"

वालुकाश्मात रंगीत थर असतात; समोरून उजेड पडला तरी ते दिसतात. आपला खडक ग्रॅनाइट, सुमारे २५० कोटी वर्षांचा. त्यात थर नाहीत, सांधे आहेत. सांध्यांत पाणी मुरून जमिनीखालीच त्याचे कोपरे झिजले, पुढे माती वाहून गेली आणि गोल शिळा उघड्या पडल्या. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातील 'मश्रूम रॉक' पाहून कोणा राक्षसाने शिळा रचल्या असे वाटते. पण अशा शिळा बहुधा मूळ जागीच असतात. तेव्हा टिपायची ती दोन शिळांमधली फट, आणि फट दिसते सावलीमुळे. म्हणून सूर्य पाठीशी नको, कुशीला हवा.

सूर्य क्षितिजावर १० अंश असताना सावली उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते आणि पृष्ठभागाचा कणन्‌कण उठून दिसतो. पण उत्तरेकडील वाळवंटांपेक्षा आपल्याकडे सूर्य अधिक सरळ चढतो. १० अंशांपर्यंत जेमतेम पाऊण तास मिळतो. तिपाई अंधारातच रोवून ठेवावी. प्रकाशमापन आकाशावरून न करता शिळेच्या उजळ बाजूवरून करावे, नाहीतर शिळा काळी पडते. आणखी एक: जून ते डिसेंबर सूर्योदयाची जागा क्षितिजावर सुमारे ४९ अंश सरकते. जी फट हिवाळ्यात उघडते ती उन्हाळ्यात मिटलेली असू शकते.

हे सारे समजल्यावर पुढच्या डिसेंबरात मी त्याच जागी गेलो. शिळांच्या जागी खडीचा ढीग होता. शेजारच्या खडकाला सुरुंगाची भोके पाडलेली होती. शहरात खडक वाचविण्यासाठी १९९६ पासून एक संस्था झटते आहे, काही खडकांना संरक्षणही मिळाले. हे खडक त्यांत नव्हते. त्यांचे माझ्यापाशी आहे ते बटाट्यांचेच चित्र. आता प्रत्येक चित्रामागे मी जागा, दिशा, तारीख आणि वेळ लिहितो, आणि प्रमाण कळावे म्हणून एका चित्रात तरी सोबत्याला शिळेपाशी उभा करतो.